कचरा हलतो तेव्हा हवा कोण मोजतो?

(व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचमहाभूतांना देवत्व देणाऱ्या समाजाने वायूची मात्र फारशी चिंता वाहिलेली नाही. पाणी गढूळले तर डोळ्यांना दिसते. हवा बिघडली तर ती न दिसताच छातीत उतरते.

पुणे शहराने अनेक दशके आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात टाकला. दुर्गंधी, माशा आणि विहिरींचे नासलेले पाणी या गावांच्या वाट्याला आले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. जुने ढीग उकरून, चाळून, माती व प्लॅस्टिक वेगळे करणे, म्हणजेच बायोमायनिंग, हा त्यावरील उपाय. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही तो सांगितला. उपाय योग्यच; परंतु धोका उकरण्यातच आहे. वर्षानुवर्षे दबलेला मिथेन व हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो, धूळ उडते. शिवाय हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास थांबला म्हणजे संकट टळले, असे समजणे घातक ठरते.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' यंत्रणा २०१३ पासून पुण्याची हवा मोजू लागली, हे भूषणावह आहे. पण शहराचा आकडा डेपोच्या कुंपणालगतच्या घराची स्थिती सांगत नाही. त्यासाठी वारा येतो त्या बाजूस एक आणि जातो त्या बाजूस एक, अशी यंत्रे हवीत. दोन्हींतील फरक हाच कामामुळे झालेला बिघाड. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची चोवीस तासांची सरासरी मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मात्र सरासरीत तासाभराचा धुळीचा लोट लपून जातो. म्हणून मोजणी अखंड हवी आणि कोणत्या आकड्याला काम थांबवायचे, हे आधीच ठरलेले हवे. हिवाळ्यातील निवांत पहाटे तर प्रदूषण जमिनीलगतच साचून राहते. तेव्हा उकरणे टाळलेलेच बरे.

भोपाळचे उदाहरण बोलके आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला गेला, तेव्हा तेथील जनता रस्त्यावर उतरली. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली, उत्सर्जन मोजत, आधी चाचण्या घेऊन तो जाळण्यात आला. चाळीस वर्षांचा अविश्वास नुसत्या आश्वासनाने मिटत नाही. उघड्यावर ठेवलेल्या आकड्यांनी तो कमी होऊ शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम घोषणांनी संपत नाही. रोजचे आकडे गावाच्या चावडीवर, मराठीत, सर्वांना वाचता येतील असे लागले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी धरावा. शहरातील कुटुंबांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करावा. शहराच्या स्वच्छतेची किंमत शेजारच्या गावातील लेकरांनी श्वासाने मोजावी, याला समरसता म्हणता येणार नाही.