चाकांच्या खुर्चीच्या गतीने



दिव्यांग मुलांच्या सेवाकार्यासाठी निधी उभारावा आणि त्याकरिता कार्यकर्त्यांच्या गटाने दोनशे किलोमीटरची पदयात्रा किंवा सायकलयात्रा काढावी, अशी कल्पना आज ठिकठिकाणी पुढे येते. कल्पना स्तुत्य आहे. मात्र या यात्रेत त्या मुलाचे स्थान कोणते, हे आधी ठरले नाही तर यात्रा पार पडते, हारतुरे होतात, निधीही जमतो. आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले ते मूल घराच्या उंबरठ्याआडच राहते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील डिक हॉइट आणि त्यांचा पुत्र रिक यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. १९६२ साली जन्मलेल्या रिकला सेरेब्रल पाल्सी होती. हातपाय त्याच्या ताब्यात नव्हते, वाचा नव्हती. मुलाला एखाद्या संस्थेत ठेवून द्यावे, असा सल्ला आईवडिलांना मिळाला. तो त्यांनी मानला नाही. पुढे डोक्याच्या हालचालीने अक्षरे निवडता येतील असा संगणक त्याच्यासाठी तयार झाला. १९७७ साली, अपघाताने पंगू झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव जाहीर झाली. तीत आपण भाग घ्यावा, ही इच्छा रिकची होती. वडील काही धावपटू नव्हते. खुर्ची ढकलत ते धावले आणि पितापुत्र शेवटून दुसरे आले. धावताना आपले अपंगत्व नाहीसे झाल्यासारखे वाटते, असे रिकने त्यानंतर वडिलांना कळवले. मग हजाराहून अधिक शर्यती झाल्या. १९९२ साली दोघांनी धावत व सायकलवरून ४५ दिवसांत अमेरिका खंड ओलांडला. डिक २०२१ मध्ये आणि रिक २०२३ मध्ये निवर्तले. ज्याला सारे जग मदतीचा विषय समजत होते, तोच दुसऱ्याच्या मदतीसाठी प्रथम रस्त्यावर उतरला, हे या कथेचे मर्म आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या निधीसाठी २०११ साली एका निवेदकाने सायकलरिक्षा चालवत लांबचा प्रवास केला. पुढच्या वर्षापासून अनेक वर्षे ती रिक्षा तरुणांच्या गटाने आळीपाळीने चालवली. या निधीच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रकल्पांचा ज्यांना लाभ झाला होता, असेच ते तरुण होते. त्यांत आजाराशी आणि अपंगत्वाशी झुंजणारेही होते. त्यामुळे देणाऱ्यांसमोर केविलवाणा चेहरा आला नाही. चढावर घाम गाळणारा चेहरा आला. मुंबई मॅरेथॉननेही २००४ पासून सेवासंस्थांसाठी निधिसंकलनाची वाट मोकळी केली आणि दिव्यांग स्पर्धकांना स्वतंत्र स्थान दिले.

महाराष्ट्राला सामूहिक चालण्याचे शिक्षण बाहेरून घ्यावे लागत नाही. आळंदी ते पंढरपूर ही वाटचाल निधीसाठी नसते. पण दिंडीची शिस्त, मुक्कामाची आखणी आणि वृद्ध वारकऱ्यालाही सामावून घेणारी चाल ही कोणत्याही संघटकाची पाठशाळाच होय. निधीसाठी निघणाऱ्या यात्रेने तोच नियम घ्यावा. गती ठरवायची ती सर्वांत मागच्या चाकांच्या खुर्चीने.

हा नियम एकदा मान्य झाला की बाकीचे नियोजन त्यातून आपोआप उलगडते. दिवसाचे अंतर कमी ठेवावे लागते, उन्हापूर्वी मुक्काम गाठावा लागतो. मुलाने सलग बसून राहिल्यास त्वचेवर जखमा होतात, म्हणून त्याची बैठक बदलण्यासाठी थांबे हवेत. मार्गाची पाहणी मोटारसायकलवरून उरकून चालत नाही. ती रिकामी खुर्ची ढकलतच करावी लागते. मग कळते की मुक्कामाच्या शाळेला तीन पायऱ्या आहेत, स्वच्छतागृहाचे दार अरुंद आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के वा अधिक असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना २०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क अशा एखाद्या पायरीपाशी अडून बसतो. त्या गावात एक उतार बांधून घेतला, तरी यात्रेचे निम्मे काम निधीची पेटी उघडण्याआधीच झाले.

आता निधीविषयी. यात्रेचा खर्च जमलेल्या देणग्यांतून करू नये. जेवण, वाहने, बॅनर यांसाठी स्वतंत्र प्रायोजक शोधावेत. प्रत्येक देणगीला पावती हवी, आणि रक्कम नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जावी. यात्रा संपल्यावर हिशेब त्याच गावांत वाचून दाखवावा.

पैसा कशावर खर्च करायचा, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. एका समारंभात शंभर खुर्च्या वाटणे सोपे असते. परंतु मापाची नसलेली खुर्ची मुलाचा कणा वाकवते. मूल वाढते, तशी खुर्ची आणि कॅलिपर बदलावे लागतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूची इजा वाढत नाही; पण नियमित व्यायाम सुटला तर स्नायू आखडत जातात. म्हणून फिजिओथेरपिस्टचे दरमहा मानधन हे समारंभी वाटपापेक्षा अधिक मोलाचे, जरी त्याचे छायाचित्र काढता येत नसले तरी.

आणि छायाचित्रांबाबत एक पथ्य. पालकांच्या आणि शक्य तेथे मुलाच्या अनुमतीवाचून त्याचे चित्र पत्रकावर छापू नये. करुणा जागवण्यासाठी मुलाचा स्वाभिमान गहाण टाकण्याचा अधिकार कोणत्याही सेवाकार्याला नाही.

कार्यकर्त्यांनी निघण्यापूर्वी एकच करावे. वस्तीतील अशा एका मुलाच्या घरी जावे, त्याच्याशी बोलावे, आणि यात्रेत त्याला कोणते काम करायला आवडेल, हे त्यालाच विचारावे. तो ध्वज धरील, टप्प्यांची नोंद ठेवील, किंवा रोजचा हिशेब लिहील. पुढच्या वर्षी त्याच्या खुर्चीचे माप पुन्हा घ्यावे लागेल. त्या वेळी माप घेणारे हात ओळखीचे असावेत, एवढे साधले तरी दोनशे किलोमीटर सार्थकी लागले.