दृष्टिपटलाचे दोन शत्रू आणि एक धडा
(नेत्रदान पंधरवड्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे ७६ प्रकार वर्णिलेले आहेत. रात्री न दिसण्याच्या विकाराचा विचार त्यात आहे आणि त्याच संहितेत अन्यत्र मधुमेहाचेही वर्णन आढळते. मात्र जिवंत माणसाच्या डोळ्याच्या तळाशी डोकावण्याचे साधन त्या काळी जगात कोणापाशीच नव्हते. ते १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जगापुढे मांडले. त्यानंतरच आनुवंशिक रातांधळेपणा आणि मधुमेह हे दोन विकार एकाच नाजूक पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, आपापली खूण उमटवतात हे वैद्यांच्या प्रत्ययास आले. या दोन विकारांचे परस्परांशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे, आणि ते समजून घेणे हा केवळ वैद्यकाचा नव्हे, तर कुटुंबाच्या आणि समाजाच्या हिताचा विषय आहे.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी असून त्या मंद प्रकाशात उपयोगी पडतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख असून त्या रंग आणि बारकावे दाखवतात. ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ या आनुवंशिक विकारात जनुकातील दोषामुळे बहुधा दंडाकार पेशी आधी मरू लागतात. प्रथम संध्याकाळनंतर दिसेनासे होते, पुढे बाजूची दृष्टी आक्रसत जाते आणि रुग्ण जणू नळीतून पाहिल्यासारखे जग पाहू लागतो. जगभरात साधारणतः ४००० माणसांमागे एकाला हा विकार असतो, असे मानले जाते. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ७५० मध्ये एक असे आढळले. दुसऱ्या बाजूस मधुमेह आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. पहिला विकार विरळा, तर दुसरा घरोघरीचा.

हे दोन्ही विकार एकाच व्यक्तीला झाले, तर दुहेरी संकट ओढवेल अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात नेत्रतज्ज्ञांना वेगळेच दिसले. ज्याच्या दंडाकार पेशी आनुवंशिक विकाराने नष्ट झाल्या आहेत, अशा मधुमेही रुग्णाच्या डोळ्यांत मधुमेहाचे उग्र रूप, म्हणजे नव्या ठिसूळ रक्तवाहिन्या फुटून होणारा रक्तस्राव, क्वचितच आढळतो. एक शत्रू जणू दुसऱ्याची वाट अडवतो.

याचे कारण प्राणवायूच्या हिशेबात आहे. वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक प्राणवायू लागणाऱ्या ऊतींमध्ये दृष्टिपटलाची गणना होते. आणि त्यातही दंडाकार पेशींची भूक अंधारात वाढते. प्रकाश पडला की त्यांचे काम वाढत असेल असे वाटते, पण वस्तुस्थिती उलटी आहे. अंधारात त्यांच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडी राहतात, क्षार आत येत राहतात आणि ते बाहेर टाकण्यासाठी पेशीला अखंड श्रम करावे लागतात. मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होऊ लागल्या की पुरवठा घटतो, मागणी मात्र तशीच राहते. गुदमरलेला पडदा मग नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणारी रसायने सोडतो आणि त्या कच्च्या रक्तवाहिन्याच दृष्टीचा घात करतात. दंडाकार पेशीच उरल्या नाहीत, तर मागणी घटते, उरलेल्या भागाला प्राणवायू पुरतो आणि ही घातक साखळी पुढे सरकत नाही.

लेझर उपचारामागेही हेच तत्त्व आहे. जुलै १९४५ मधील सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून दृष्टिपटल भाजलेल्या एका तरुणाला तपासताना मायर-श्विकेराथ या जर्मन वैद्याला प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना सुचली. त्यातून दृष्टिपटलाच्या कडेचा भाग प्रकाशाने भाजण्याची पद्धत विकसित झाली. अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने १९७६ साली दाखवून दिले की, या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतो. मध्यवर्ती दृष्टी वाचवण्यासाठी कडेच्या पेशींचा जाणीवपूर्वक त्याग, असे या उपचाराचे स्वरूप आहे. म्हणूनच लेझर घेतलेल्या काही रुग्णांना रात्री कमी दिसते, बाजूची दृष्टी थोडी आक्रसते. आनुवंशिक विकाराची पुसट छाया म्हणावी, अशीच ही लक्षणे आहेत.

बेलफास्टच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दंडाकार पेशींचा ऱ्हास झालेल्या मधुमेही उंदरांमध्ये दृष्टिपटलाची हानी कमी आढळली. लंडनचे संशोधक जेफ्री आर्डन यांनी याच विचाराच्या आधारे सुचवले की, झोपेत डोळ्यांवर मंद प्रकाश ठेवला तर दंडाकार पेशींची भूक शमेल आणि मधुमेहींची दृष्टी वाचेल. कल्पना देखणी होती. ब्रिटनमधील १५ केंद्रांत ३०८ रुग्णांवर, प्रकाश देणारा मुखवटा झोपताना लावून, दोन वर्षे तिची परीक्षा झाली आणि २०१८ साली निष्कर्ष आला की, लाभ होत नाही. तर्क कितीही सुसंगत असला, तरी रुग्णाच्या डोळ्यावर सिद्ध झाल्याखेरीज तो उपचार ठरत नाही, हा विज्ञानाचा विवेक आहे. आनुवंशिक अंधत्व हमखास बरे करण्याच्या जाहिराती वाचून जमीन गहाण टाकणाऱ्या कुटुंबांनी हा विवेक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकीय उपचार एकाच विशिष्ट जनुकातील दोषावर चालतो. या विकाराला कारणीभूत ठरणारी जनुके मात्र अनेक आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आनुवंशिक विकार म्हणजे मधुमेहाविरुद्धचे कवच नव्हे. अशा रुग्णाच्या डोळ्यातही मध्यबिंदूपाशी सूज येते, मोतीबिंदू होतो आणि या दोहोंवर उपचार आहेत. ‘हे घराण्यातलेच, यावर उपाय नाही’ असे म्हणून तपासणी सोडणारा रुग्ण वाचवता येण्याजोगी दृष्टीही गमावतो. उलट, प्रत्येक तक्रार साखरेच्या माथी मारली, तर आनुवंशिक विकार वर्षानुवर्षे अज्ञात राहतो.

काही घराण्यांत तर हे दोन्ही विकार एकाच मुळातून उगवतात. आईकडून मुलांकडे जाणाऱ्या सूत्रकणिकांतील एका दोषामुळे मधुमेह, बहिरेपणा आणि दृष्टिपटलाचा ऱ्हास एकत्र येतात. हा संबंध १९९२ साली उलगडला. म्हणून मातुल घराण्यात मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही असतील, तर ती माहिती वैद्यांना आवर्जून सांगावी. मात्र त्यावरून सुनेला दूषण देणे हा अज्ञानाचा आणि अन्यायाचा प्रकार होय. जनुके कोणी निवडून घेत नाही.

वैद्यकाने उलगडलेल्या या नात्यातून समाजाची कर्तव्ये स्पष्ट होतात. आपल्याकडे आते-मामे भावंडांचे विवाह अनेक समाजांत रूढ आहेत. रातांधळेपणाचा एक मोठा गट असा आहे की, ज्यात सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून आल्यासच विकार प्रकटतो. रक्ताच्या नात्यातील विवाहात ही शक्यता वाढते. घरात असा रुग्ण असताना विवाह ठरवताना ते लपवणे म्हणजे पुढच्या पिढीची दृष्टी पणाला लावणे होय. पत्रिका जुळवताना जितकी चिकित्सा होते, तितकीच आरोग्याच्या इतिहासाची व्हावी.

दुसरे कर्तव्य सेवाकार्य करणाऱ्यांचे आहे. गावोगावच्या नेत्रतपासणी शिबिरांत मोतीबिंदू शोधला जातो, चष्मे वाटले जातात. हे कार्य मोलाचे आहे. परंतु दृष्टिपटलाचे विकार बाहेरून दिसत नाहीत आणि आरंभी दुखतही नाहीत. बाहुली विस्फारणारे थेंब घालून डोळ्याचा तळ पाहिल्याशिवाय, किंवा त्याचे छायाचित्र घेतल्याशिवाय, ते हाती लागत नाहीत. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान होताच, तर बालपणी वा तारुण्यात सुरू होणाऱ्या प्रकारात पाच वर्षांनंतर, अशी तपासणी करावी आणि पुढे साधारणतः दरवर्षी ती करत राहावी. शिबिराच्या नोंदवहीत दोन प्रश्नांची भर घातली तरी पुष्कळ साधेल : साखर आहे का, आणि घरात कोणाला रात्री दिसत नाही का?

नागपुरात २००८ साली स्थापन झालेली ‘सक्षम’ ही संस्था दिव्यांगांसाठी आणि नेत्रदानासाठी कार्य करते. नेत्रदानात बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा उपयोगात येतो, दृष्टिपटल नव्हे. त्यामुळे मधुमेही व्यक्ती, तसेच आनुवंशिक विकाराने दृष्टी गमावलेली व्यक्तीही, तो पडदा निरोगी असल्यास नेत्रदान करू शकते. ज्याने आयुष्यभर अंधार सोसला, त्याच्या डोळ्यांनी दुसऱ्याला उजेड मिळू शकतो. अशा घरी संकल्पपत्र घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने तेथील मुलानातवंडांच्या डोळ्यांची तपासणीही ठरवूनच परतावे.