गप्प बसणाऱ्यांचीही दहा मिनिटं



आयोजकांनी फोनवर सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल." सॉफ्टवेअरवर बोलले तर जेवणाआधीच अर्धा हॉल रिकामा होईल, म्हणून माकडांवर बोलते. माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

जीन ऑल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञ. पदवी गणिताची. १९६३ साली प्राणिशास्त्रज्ञ पती स्टुअर्ट यांच्याबरोबर त्या केनियातल्या अंबोसेलीला गेल्या. किलिमांजारोच्या पायथ्याचा हा कोरडा, गवताळ मुलूख आणि तिथे बबून माकडांचे कळप. १९७१ पासून तिथे सुरू झालेलं निरीक्षण पन्नास वर्षांनंतरही चालू आहे. प्रत्येक माकड ओळखायचं ते बघून बघून, आपण वर्गातल्या मुलांना ओळखतो तसं. कोण कुणाच्या पोटी जन्मलं, कधी मेलं, सगळ्याची नोंद.

पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते वेगळ्याच गोष्टीत. पूर्वी बरेच निरीक्षक कळपासमोर बसायचे आणि नजरेत भरेल ते टिपायचे. नजरेत काय भरणार? मारामारी, आरडाओरडा, सुळे दाखवणारे नर. मग वहीत नरच नर, आणि कळप म्हणजे नरांचं राज्य असा निष्कर्ष. माद्या आपल्या कुठेतरी मागे, पोरं सांभाळत. आज सकाळपासून आपण वर्गाच्या आठवणी काढतोय, त्या सगळ्या शेवटच्या बाकावरच्या दंग्याच्या. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर कोण बसायचं, सांगा बरं!

१९७४ साली ऑल्टमन यांनी 'बिहेवियर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात निरीक्षणाच्या सात पद्धती घेऊन कुठली कुठे फसवते, ते त्यांनी दाखवलं. त्यांनी आग्रह धरलेली एक पद्धत अशी: कुणाकडे बघायचं ते आधी ठरवा आणि ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडेच बघा. ते झोपलं तरी, शेजारी युद्ध पेटलं तरी. अंबोसेलीत ही पाळी दहा मिनिटांची असते. दांडगा नर असो की कोपऱ्यातली मादी, दोघांच्या दहा मिनिटांचं मोल सारखंच.

आमच्याकडेही हेच आहे. एरर फेकणारा प्रोग्राम लॉगमध्ये लगेच दिसतो. निमूट, सावकाश चालत सगळ्या सिस्टीमला खाली ओढणारा दिसत नाही. त्याला पकडायला ठरावीक अंतरानं, आवडनिवड न ठेवता, "आत्ता काय चाललंय?" असं विचारत राहावं लागतं.

या पद्धतीनं बघितल्यावर माद्या दिसू लागल्या. ऑल्टमन यांचं १९८० चं पुस्तक बबून आयांवरच आहे. दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यात आणि अन्न शोधण्यात जातो, वर पोटाला लटकलेलं पिल्लू. बाळंतपणाची रजा नाही; कळप निघाला की निघायचं. २००३ मध्ये याच नोंदींतून दिसलं, की ज्या माद्या इतरांत जास्त मिसळतात त्यांची पिल्लं जास्त जगतात, आईचा मान कळपात वरचा असो वा खालचा. आणि २०१६ मध्ये त्याहून जड गोष्ट: दुष्काळ, आईचा मृत्यू, आईचं एकटेपण अशा तीन किंवा अधिक आपत्ती बालपणी सोसलेल्या माद्या, एखादीच किंवा एकही आपत्ती न सोसलेल्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी मरतात. प्रौढ वयापर्यंत पोचल्यावरसुद्धा! हे कळायला अख्खी आयुष्यं नोंदवावी लागतात. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाला हे दिसणं शक्यच नाही, आणि अनुदान बहुधा तेवढ्याचंच मिळतं.

वर्गीकरणाचीही तिथे गंमत आहे. पुस्तकात पिवळा बबून आणि ऑलिव्ह बबून या दोन जाती. अंबोसेलीत दोघांची सरमिसळ होते, संकरित पिल्लं जगतात आणि त्यांनाही पिल्लं होतात. २०२२ मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की ही सरमिसळ फार जुनी आहे आणि तिथल्या जवळपास सगळ्यांत मिसळलेली आहे. तरी निसर्ग ऑलिव्ह बबूनची काही जनुकं हळूहळू गाळतोय, म्हणून दोन्ही जाती पूर्ण एक होत नाहीत. आम्हा प्रोग्रामरना प्रत्येक गोष्टीला एकच खण हवा असतो. हे प्राणी एका खणात मावायला तयार नाहीत.

आता हे काम सुसान अल्बर्ट्स, जेनी टुंग, एलिझाबेथ आर्ची पाहतात आणि केनियातले निरीक्षक कळपांमागे चालतात. आजच्या यादीत कदाचित गवताचे कंद उकरत बसलेली एखादी मादी असेल. तिची दहा मिनिटं झाली, की पुढचं नाव.