ढीग कशाने ढासळतो?

(हेमलकसा येथील बैठकीतील भाषणावरून)



कपाशी-ज्वारीच्या मुलखातून आम्ही इथे जंगलात आलो, ते कचऱ्यावर बोलायला. भाव सोडून कचरा कशाला, असे कुणी म्हणेल. पण तालुक्याच्या गावांच्या आता नगरपंचायती झाल्या. नगरपंचायत आली की कचऱ्याला जागा लागते, आणि ती कुणाच्या तरी शिवारालाच लागून निघते. 2017 साली उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याच्या कचरागाड्या तीन आठवडे अडवल्या होत्या. गाड्या अडवता येतात. आधी पडलेला डोंगर मात्र तिथेच राहतो.

हा डोंगर कोसळतो. 1 सप्टेंबर 2017 ला पावसानंतर दिल्लीच्या गाझीपूरचा ढीग ढासळला. सुमारे 50 मीटर उंच. रस्त्यावरच्या गाड्या त्याने कालव्यात लोटल्या, दोन माणसे गेली. ती जागा 2002 सालीच भरली होती, तरी कचरा पडतच होता. मनिलाच्या पायाटास वस्तीवर 10 जुलै 2000 ला असाच ढीग आला. दोनशेहून जास्त माणसे गाडली गेली. तिथेही आधी मोठा पाऊस झाला होता.

यातले शास्त्र तुम्हाला नवीन नाही. तलावाची पाळ कधी फुटते? पाणी आत मुरते आणि बाहेर निघायला वाट मिळत नाही तेव्हा. कचऱ्याचेही तसेच आहे. त्यात चिंध्या, प्लास्टिक, दोऱ्या गुंतलेल्या असतात, म्हणून तो भिंतीसारखा उभा राहतो आणि बघणाऱ्याला पक्का वाटतो. आत मात्र ओला कचरा कुजतो, पाणी साठते. पाण्याचा दाब वाढला की एका थराची दुसऱ्यावरची पकड सुटते. त्यातून खाली आपली भारी काळी जमीन असली तर विचारूच नका. ओली झाली की तिच्यावर बैलाचा पाय ठरत नाही, डोंगर काय ठरणार?

इंजिनियर म्हणतील, तळाला प्लास्टिकचा कागद घालू. घालावाच, नाहीतर काळे पाणी विहिरीत उतरेल. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स येथे 1988 साली नेमक्या अशा कागद अंथरलेल्या खड्ड्यातला भराव दहा मीटर सरकला. गुळगुळीत कागद आणि त्याखालची ओली चिकणमाती यांच्यामध्येच तो घसरला. तेव्हा नुसता कागद दाखवला म्हणून सही करू नका. उतार किती ते विचारा. एक हात चढायला तीन-चार हात आडवे जावे लागतील एवढा सपाट उतार हवा, मध्ये पायऱ्या हव्यात, तळाशी पाणी काढणारे नळ हवेत. मुंबईने गोराईचा ढीग 2007 नंतर बंद केला तेव्हा उतार नीट करून वर झाकण घातले. मुंबईला जमते ते गावकुसाला का नको?

2016 च्या नियमांत नदीपासून 100 मीटर आणि वस्ती, तलाव, पाण्याच्या विहिरीपासून 200 मीटर अंतर सांगितले होते. पावसाळ्यापूर्वी 40 ते 65 सेंटिमीटर मातीचा थरही. इथे 100 मीटर म्हणजे काहीच नाही. 2019 साली पर्लकोटेचे पाणी भामरागडात वारंवार शिरले, ते तुम्ही पाहिले आहे. नदीने पायथा कुरतडला की वरचा उतार कितीही चांगला असो, उपयोग नाही. जागा ठरवताना पुराची खूण बघा, नकाशा नंतर.

आणि निम्मा कचरा तर ओलाच असतो. आपल्या शेतातून गेलेलाच तो! वेगळा काढून खत केला तर ढीग निम्मा होईल, आतले पाणीही घटेल. त्या खतात काचा-प्लास्टिक आले तर मात्र गाडी परत पाठवा.

ज्यांच्या शेजारी ढीग आधीच आहे त्यांनी पावसात माथ्यावर नजर ठेवावी. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात तशी भेग तिथे पावसात दिसली, किंवा पायथा फुगला, तर ढीग सरकू लागला आहे. पायथ्याशी जेसीबी लावून कुणी खोदत असेल तर आधी ते थांबवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना, माणसाने वर न राहता काम उरकून, एकेक खुंटी ठोका आणि दोरीने अंतर मोजा. सकाळी दोरी अपुरी पडली, तर अर्ज नंतर लिहा. आधी पायथ्याची माणसे आणि जनावरे हलवा.