काजळीचे सोवळे



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गोव्याचा मुक्तिलढा अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून आपली अपेक्षाही तशाच एखाद्या विषयाची असणार. वणवा विझवायला जाणाऱ्यांनी आपले शरीर कसे जपावे, हा विषय मी कळवला तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनी करून तो पुन्हा विचारून घेतला. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आता संसारी झाली आहेत आणि फाल्गुन सरता सरता डोंगर पेटला की त्यांतली काही कोयता घेऊन वर जातात. आज मला मुख्यतः त्यांच्याशी बोलायचे आहे.

मार्च २०२३ मधले ते दिवस आपल्याला आठवत असतील. म्हादई अभयारण्यात आणि भोवतालच्या डोंगरांवर आगी लागत राहिल्या. हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे बादल्या लटकवून पाणी ओतत होती. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती त्यांची, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु हेलिकॉप्टर पाणी ओतून निघून गेल्यावर धुमसणाऱ्या ओंडक्यापाशी माणूसच जावा लागतो. वनखात्याच्या रक्षकांच्या जोडीने त्या वेळी गावकरीही राबले. हातात हिरवी फांदी, पायांत रबरी चपला, तोंडाला ओला पंचा. जगात इतरत्र ज्यांना स्वयंसेवी अग्निशामक म्हणतात ते आपल्याकडे हेच. त्यांना गणवेश नाही, हजेरीपट नाही, आणि त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणारेही कोणी नाही.

माझी हयात वीररसाच्या अभ्यासात गेली. आपल्या पोवाड्यांत उडी घेणारा आहे, झुंजणारा आहे, पडणारा आहे; वेळेवर परत फिरणारा क्वचितच आहे. ‘माघार’ या शब्दाला मराठीत चिकटलेली लाज पाहा. लढाईपुरती ती एक वेळ शोभेल, पण आगीच्या कामात ही शब्दकळा घातक ठरते. तिथे माघारीची वाट आधी पाहून ठेवणे हे कामाचे पहिले अंग आहे.

१४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटले. त्यात कापसाचे गठ्ठे होते आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी दोनच्या सुमारास आग ध्यानात आली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला. मधले दोन तास पाणी मारण्यात गेले. स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल निशाण हवे होते, ते नव्हते. गोदी रिकामी करण्याचा हुकूम वेळेवर निघाला नाही. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. आपण दरवर्षी त्यांच्या शौर्याला वंदन करतो, आणि ते केलेच पाहिजे. मात्र जवळ जाण्याआधी ‘आत काय आहे आणि आपण इथून केव्हा निघायचे’ हा प्रश्न कोणी, कोणाला विचारायचा होता, हेही त्याच स्मृतीचा भाग म्हणून मुलांना शिकवायला हवे.

स्वयंसेवकांची संघटित परंपरा काही देशांत जुनी आहे. चिलीमध्ये अग्निशामक स्वयंसेवकच असतात. अमेरिकेत सुमारे दोन-तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. जर्मनीतील खेड्यापाड्यांची भिस्त त्यांच्यावरच आहे. या लोकांनी आपल्या मृत्यूंची नोंद ठेवली आणि तीतून सवयी घडवल्या, म्हणून त्यांच्याकडे पाहायचे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात लिंटन येथे २ डिसेंबर १९९८ रोजी जीलाँग वेस्ट पथकातील पाच स्वयंसेवक मरण पावले. त्यांच्या गाडीतले पाणी संपत आले होते. वारा फिरला आणि आगीची जी बाजू होती तीच तिचे तोंड झाली. त्यानंतर तिथे दंडक झाला: टाकीतले काही पाणी आगीवर मारायचे नाही, ते स्वतःला वाचवण्यासाठी राखायचे. समोर झाड पेटलेले आणि टाकीत पाणी शिल्लक, तरीही थांबायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण ज्याने हातात नळी धरली आहे त्याला विचारा.

अमेरिकेतील वनाग्नीशी झुंजणाऱ्या तुकडीचे एक प्रमुख, पॉल ग्लीसन, यांनी १९९१ साली चार गोष्टी एकत्र बांधून दिल्या: टेहळ्या, परस्परसंपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. आपल्या डोंगरावर त्यांचा अर्थ असा. एकाने फांदी मारायची नाही. त्याने उंचावर उभे राहून फक्त वारा आणि धूर पाहायचा. त्याची हाक किंवा शिट्टी सर्वांना ऐकू गेली पाहिजे. निघायची वाट दोन ठिकाणी हवी. आणि पोहोचायचे ते ठिकाण म्हणजे उघडा कातळ, नांगरलेले शेत किंवा पूर्ण जळून थंडावलेली जमीन. आग चढावर भराभर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वर, चढाच्या बाजूला उभे राहून तिची वाट पाहणे म्हणजे आत्मघात. दुपारी समुद्रावरचा वारा आत येतो आणि सकाळचे सगळे अंदाज पालटतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता शरीराकडे वळतो. अमेरिकेत कामावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांत जवळजवळ निम्मे हृदयविकाराने जातात. २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांचा अगदी थोडा वेळ, फार तर शेकडा पाच, जातो. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी सुमारे एक-तृतीयांश त्याच वेळात घडतात. दिवसभर दुकानात बसणारा पन्नाशीचा गृहस्थ हाक आली म्हणून पळत डोंगर चढतो, तेव्हा त्याला पहिला धोका ज्वाळेपासून नसतो. ज्यांना रक्तदाब आहे, मधुमेह आहे, छातीत कधी कळ आली आहे, त्यांनी पावसाळ्यानंतर, हंगामाआधी, तपासून घ्यावे आणि वर न जाता खाली पाण्याची व्यवस्था पाहावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पाण्याशिवाय वरचे लोक तासाभरात निकामी होतात.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण इथे शब्दशः घ्यायची. घाम वाहत असताना तहान मागाहून लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि मधूनमधून मीठ घातलेली पेज. पेजेसारखे उत्तम पथ्य आपल्या घरात असताना रंगीत बाटल्या विकत आणण्याची गरज मला दिसत नाही. आणि स्पष्टच बोलतो, वयाचा तेवढा अधिकार मला असावा: वणव्याचा हंगाम आणि हुर्राकाचा हंगाम आपल्याकडे एकच. घोटभर घेऊन डोंगर चढणाऱ्याला सोबत घेऊ नका. मद्याने शरीरातले पाणी कमी होते आणि निर्णय बिघडतो. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर त्याला घाम येत असो वा नसो, ताबडतोब सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

तोंडावरच्या ओल्या पंचाविषयी आपल्याकडे भाबडा विश्वास आहे. तो राखेचे मोठे कण अडवतो, इतकेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो, साध्या मुखपट्टीतूनही जातो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागले, मळमळले, की धुराबाहेर यायचे, आणि एकाला तसे झाले तर त्याच्यासोबत दुसऱ्याने यायचे. घराला आग लागली असेल तर श्वसनयंत्राशिवाय धुराच्या खोलीत शिरू नये. विजेचा मुख्य खटका बंद करावा, माणसे मोजावीत, १०१ किंवा ११२ वर कळवावे. कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे गार वाहते पाणी. तूप नको, दंतमंजनाचा मलम नको. अंगठ्या आणि कडी सूज येण्याआधी काढावीत.

आग विझली की माणसे पांगतात, आणि नेमका त्याच वेळी हलगर्जीपणा होतो. ‘आगीतून फुफाट्यात’ हा वाक्प्रचार ज्याने प्रथम केला त्याने विझलेला वणवा पाहिला असला पाहिजे. वरून राखाडी दिसणारी जमीन आत निखारा असते, मुळे जमिनीखाली जळत राहतात, बुंधा पोखरलेले झाड वाऱ्याविना कोसळते. पण मला त्याहून पुढचे सांगायचे आहे. आजचे माझे मुख्य म्हणणे तेच आहे.

१७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, असे लिहून ठेवले. कारण होते अंगाला चिकटून राहिलेली काजळी. पुढे १८९२ साली बटलिन यांनी दाखवले की युरोप खंडात हेच काम करणाऱ्यांत हा रोग क्वचित दिसतो, कारण ते अंगभर कपडे घालत आणि रोज अंग धूत. इतकी जुनी ही गोष्ट. तरी अमेरिकेतील अग्निशामकांत काळवंडलेले शिरस्त्राण मिरवण्याची चाल विसाव्या शतकभर टिकली; जितकी काजळी जास्त तितका माणूस अनुभवी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचे काम हेच मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात नोंदवले. काजळी श्वासातून जाते तशी तापलेल्या, घामेजल्या कातडीतूनही आत जाते.

जर्मन अग्निशामकांनी यावर जो नियम केला त्याचे नाव आहे ‘काळे-पांढरे विभाजन’. आगीवरून आलेली वस्तू काळी, घरची वस्तू पांढरी. दोघींची गाठ पडू द्यायची नाही. हे वाचले तेव्हा मला आजीचा सोवळ्याचा वळचणीवरचा कद आठवला. सोवळे-ओवळे हा शब्द उच्चारताना मला संकोच वाटतो, कारण आपल्या समाजाने तो माणसांना दूर ठेवण्यासाठी वापरला आणि त्याचे पाप अजून फिटलेले नाही. पण त्यातली शिस्त, म्हणजे काय कशाला शिवू द्यायचे नाही याचे अखंड भान, आपल्या हाडीमासी आहे. ती शिस्त माणसांवरून उचलून काजळीवर ठेवता आली तर मला ती हवी आहे.

म्हणजे काय करायचे? वरून उतरल्यावर तिथेच हात, तोंड, मान धुवायची. त्याआधी भाकरीला हात लावायचा नाही, विडी तर नाहीच. सदरा-विजार उंबऱ्याबाहेर काढून वेगळ्या पिशवीत बांधायची. त्याच दिवशी साबण लावून स्नान. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. हे शेवटचे मी पुरुषांना उद्देशून सांगतो आहे. आगीवर जाणारा तू, आणि तुझा काजळलेला सदरा तान्ह्याच्या दुपट्यासोबत हाताने चोळणारी तुझी आई किंवा बायको. ती काही स्वयंसेवक म्हणून नाव देऊन आलेली नाही. तो सदरा तू धू.

कोणी म्हणेल, घर पेटले असता हे विधिनिषेध कसले? ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा हा प्रकार झाला. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार कर्मचारी जागीच होरपळून मेले. त्यांच्याही जागी आपण आपल्या गावची माणसे कल्पून पाहावीत. मी सांगितलेल्यांपैकी बहुतेक सवयींना आगीच्या क्षणी वेळ लागत नाही. त्या आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाळायच्या आहेत. एक टेहळ्या ठेवायला मात्र एक माणूस कमी पडतो, हे खरे. तो कमी पडू द्यावा.

केंद्र शासनाच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली ‘आपदा मित्र’ योजना सुरू करून गावोगावच्या स्वयंसेवकांना शिक्षण देण्यास आरंभ केला. तशा शिक्षणाची संधी येईल तेव्हा आपल्यातल्या तरुणांनी ती घ्यावीच. तोवर माजी विद्यार्थी संघाला माझी एक मागणी आहे. शाळेच्या मागल्या पडवीत एक नळ, साबण आणि कपडे वाळत घालण्याची एक वेगळी दोरी एवढी सोय फेब्रुवारीपूर्वी करावी. तिथेच एक वही ठेवावी; वर जाणाऱ्याने नाव आणि वेळ लिहावी, उतरल्यावर पुन्हा लिहावी. ज्याच्या नावापुढे दुसरी वेळ नाही त्याला शोधायला किती वाजता निघायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर आधीच ठरवून लिहिलेले असावे. वहीचा आणि साबणाचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडे. आजच्या मानधनाचे पाकीट मी म्हणूनच कार्यवाहांकडे परत देत आहे.