जाण्याची वाट, येण्याची वाट



कडक पंथात माणसे भुलवून ओढली जातात, की आपखुशीने जातात? आयलीन बार्करबाईंनी कोरियातील मून यांच्या पंथाचा इंग्लंडात अभ्यास करून १९८४ साली ग्रंथ लिहिला. शिबिरांस आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पंथात शिरलेच नाहीत. म्हणजे मोहिनी सर्वांवर चालत नाही.

परंतु पाद्री जिम जोन्स यांच्यामागे अमेरिकेतून गयानाच्या रानात गेलेले बहुतेक जण राजीखुशीनेच गेले होते. तेथे त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, भोवती बंदुकांचा पहारा बसला. १९७८ साली तेथे ९०० हून अधिक माणसे मेली, बहुतेक विषाने. त्यांत ३०० वर मुले होती. त्यांनी काय निवडले होते?

म्हणून लेकीसुनांना ‘का जातेस?’ एवढेच विचारू नका. ‘परत येऊ देतील ना?’ हेही विचारा, आणि आपल्या घराचे दार लोटू नका.