दुपारचे जेवण आणि दर्शिनीचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून मराठी रंगभूमीपर्यंत अनेक भारदस्त विषयांवर आपण ऐकलेत. कार्यकारिणीने मजकडे सोपविलेला विषय मात्र पोटापाण्याचा आहे, आणि तोही अक्षरशः. महाराष्ट्रातून या शहरात नोकरीसाठी नव्याने आलेल्या, एकट्याने राहणाऱ्या मुलामुलींनी दुपारचे जेवण बेताच्या पैशांत, पण नीट कसे जेवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु महिन्याला कामाचे पंचवीस दिवस धरले आणि रोज चाळीस रुपये अधिक गेले, तर महिन्याचे हजार होतात. पहिल्याच पगारातून घरी पैसे पाठविणाऱ्याला हा आकडा किरकोळ नाही. उलट, तेच हजार वाचविण्यासाठी दुपारची वेळ चहा-बिस्किटांवर भागविणारे तरुणही मी पाहतो, आणि त्यांची मला अधिक काळजी वाटते.

मॅजेस्टिक, गांधीनगर, चिकपेट, अव्हेन्यू रोड किंवा विधानसौधाच्या आसपास ज्यांची कचेरी आहे, त्यांना दर्शिनी हा शब्द आल्या आल्याच कानी पडतो. हा प्रकार फार जुना नाही. त्यापूर्वीची उडुपी उपाहारगृहे म्हणजे टेबल, खुर्ची, वाढपी आणि शेवटी बशीतून येणारे बिल. १९८३ साली आर. प्रभाकर यांनी परदेशातील झटपट खाद्यगृहांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ उघडले आणि त्यातून खुर्चीच काढून टाकली. पदार्थ उडुपीचेच राहिले. बदलली ती जागेची मांडणी. गल्ल्यावर आधी पैसे द्यावयाचे, कूपन घ्यावयाचे, ते समोरच्या फळीवर ठेवून आपले ताट आपणच उचलावयाचे, आणि छातीएवढ्या उंच गोल टेबलाशी उभे राहून खावयाचे. पुढे या पद्धतीच्या सगळ्याच उपाहारगृहांना लोक दर्शिनी म्हणू लागले.

या मांडणीतील हिशेब एकदा ध्यानी आला म्हणजे तेथे कसे जेवावे हे निराळे शिकावे लागत नाही. शहराच्या मध्यवस्तीत सर्वांत महाग काय असेल तर जागा. बसलेला माणूस ती जागा अर्धा-पाऊण तास अडवून ठेवतो. उभा असलेला दहा-पंधरा मिनिटांत मोकळी करतो. एकाच चौरसफुटाचे भाडे त्यामुळे तिप्पट माणसांवर वाटले जाते. वाढपी नाही, उधारी नाही, चुकविलेले बिल नाही. पदार्थही मोजके: भिजविलेल्या तांदूळ-उडदावर इडली आणि डोसा, आणि दोन्हींना सांबार व चटणी एकच. पातेले लवकर रिकामे होते आणि लवकर नवे चढते. म्हणजे गिऱ्हाईक जो रुपया देतो, त्याचा मोठा भाग ताटात उतरतो. वातानुकूलित उपाहारगृहात त्याच रुपयाची गादी, गारवा आणि गणवेश यांत वाटणी होते. त्या गोष्टी वाईट नव्हेत. पण रोजच्या जेवणात त्यांचे पैसे मोजण्याचे आपल्याला कारण नाही.

तेव्हा पहिली गोष्ट वेळेची. ताजेपणा हाच येथे खरा लाभ आहे आणि तो घड्याळावर अवलंबून असतो. सकाळ इडली-वड्याची, म्हणजे कन्नडमधल्या ‘तिंडी’ची; बाराच्या सुमारास भाताची पातेली उतरतात. सव्वाबाराला जो जातो त्याला तीच थाळी वाफाळती मिळते, अडीचला जाणाऱ्याला तितक्याच पैशांत निवलेली. भर दुपारी गर्दीत डोशाचा हट्ट धरणे हाही तोट्याचा सौदा. तव्यापाशी ताटकळण्यात सुटीचा निम्मा वेळ जातो आणि घाईने उलथलेला डोसा मधोमध कच्चा निघतो. यासाठी तीन शब्द पाठ करा: “ईग बिसी एनिदे?” आता गरम काय आहे? फळीमागचा माणूस सहसा खरे सांगतो, कारण नुकतेच उतरलेले पातेले संपविण्यात त्याचेही हित असते. आणखी दोन शब्द लागतील. ‘साकु’ म्हणजे पुरे, आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडे. हा दुसरा तर आपल्याही ओळखीचा.

ओळखीच्या शब्दांनी फसगत होते, ती मात्र ‘भाता’च्या बाबतीत. वांगीभात मागितलात तर वांगीभातच मिळेल. परंतु ‘खारा भात’ म्हणून पुढ्यात येईल तो मसालेदार उपमा, आणि ‘केसरी भात’ म्हणजे चक्क आपला शिरा. ‘चौ चौ भात’ या भरघोस नावाने तर हेच दोघे एका बशीत शेजारी शेजारी बसून येतात. तांदळाचा दाणा औषधालाही नसतो. भुकेल्या पोटी भाताच्या आशेने हे कूपन फाडू नये.

मग घ्यावे काय? माझे मत स्पष्ट आहे. दुपारच्या वेळी बिसी बेळे भातासारखा दुसरा चोख पदार्थ दर्शिनीत नाही. बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. तांदूळ, तूरडाळ आणि भाज्या एकत्र शिजलेल्या असल्याने वरण, भात आणि भाजी यांची किंमत एकाच कूपनात भागते. त्यावर मोसरन्न, म्हणजे दहीभात, घेतला की चार वाजेपर्यंत भूक आठवत नाही. दोघांनी मिळून जाऊन हे दोन पदार्थ आणि जोडीला दोन इडल्या वाटून घेतल्या, तर खर्च आणखी उतरतो. पुरी-सागू दिसावयास भरगच्च, पण पैसे तेलाला जातात आणि तीन वाजता कचेरीत डुलक्या येतात.

पूर्ण थाळीचा मोह मुंबईकरांना विशेष पडतो, आणि त्यात नवल नाही. माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये कूपन घेऊन केळीच्या पानावर पोटभर जेवलेली माणसे या सभागृहातही असतील. पण तेथेही मर्यादित थाळी आणि अमर्याद पान असे दोन मार्ग ठेवलेले आहेत, त्यातील मर्म पाहावे. अमर्याद पानाची किंमत चांगल्या जेवणाऱ्याच्या भुकेवर बेतलेली असते. दोन पोळ्या आणि मूठभर भात खाणारा मनुष्य ते पान घेतो, तेव्हा तो शेजाऱ्याच्या तिसऱ्या वाढणीचे पैसे भरीत असतो. ज्याला बसून सावकाश जेवावयाचे आहे, त्याने रविवारी खुशाल ‘ऊटा’चे उपाहारगृह गाठावे. कामाच्या दिवशी मात्र आपल्या भुकेएवढेच विकत घेण्याची सोय दर्शिनीत आहे, ती सोडू नये.

आता स्वस्ताईची दुसरी बाजू. जितके स्वस्त तितके चांगले, असे मी म्हणत नाही. १९२४ पासून चालत आलेल्या येथील मावळ्ळी टिफिन रूम्सचा, म्हणजे एमटीआरचा, इतिहास या बाबतीत सांगण्याजोगा आहे. आणीबाणीच्या काळात सरकारने उपाहारगृहांतील पदार्थांचे दर फार खाली बांधून दिले. त्या दरात आपला दर्जा राखता येत नाही असे दिसताच चालकांनी हलके जिन्नस वापरण्यापेक्षा उपाहारगृह बंद करणे पत्करले, आणि ते तयार पिठे विकण्याकडे वळले. सुदैवाने ते पुढे पुन्हा उघडले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या इंदिरा कॅन्टीनची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दुपारचे जेवण ठरले होते; त्या दरात उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. ज्याला खरोखर ओढ आहे त्याने तेथे जाण्यात कसलाही कमीपणा मानू नये. परंतु खासगी दर्शिनीत शेजारच्यापेक्षा दर फारच खाली दिसला, तर ती तफावत कोठून निघते हे पाहावे. बहुधा ती तेलातून, तुपाऐवजी पडणाऱ्या वनस्पतीतून किंवा बशी पुसणाऱ्या पोऱ्याच्या मजुरीतून निघते. कढईतील तेल काळे आणि फेसाळ दिसले की तळलेले घेऊ नये, इडली घ्यावी. ज्या फळीपुढे हमाल, रिक्षावाले आणि कारकून एकाच रांगेत उभे असतात, तेथे सहसा निर्धास्त असावे.

बिलाविषयी थोडेसे. वाढपी नसलेल्या जागी सेवाशुल्काचा प्रश्नच उद्‌भवत नाही. साध्या उपाहारगृहात जीएसटी पाच टक्के असतो; ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे त्यांना मात्र तो गिऱ्हाइकाकडून वेगळा आकारता येत नाही. फलकावरचा दर करासह आहे की करावाचून, हे कूपन घेतानाच पाहावे. मागे रांग उभी असताना वाद घालण्यात अर्थ नसतो. सांबार दुसऱ्यांदा मागण्यात संकोच नको, बहुतेक ठिकाणी ते आनंदाने वाढतात. मात्र चटणीची वाटी काठोकाठ भरून घेऊन ती तशीच टाकणारी आपलीच माणसे मी पाहिली आहेत. त्या नारळाची किंमत पुढच्या महिन्याच्या फलकावर चढते. आणि खाऊन झाल्यावर टेबल मोकळे करावे. गप्पांसाठी कब्बन पार्क आहे.

राहिली कॉफी. जेवणानंतर पूर्ण पेला घेतलाच पाहिजे असे नाही. मुंबईला जशी ‘कटिंग’, तशी येथे ‘बाय-टू’: एकाचे पैसे आणि दोन पेल्यांत निम्मी निम्मी. ती मागताना गल्ल्यावरचा मनुष्य भुवई उंचावीत नाही. मोठमोठे अधिकारीही ती मागतात. नव्या शहरात नवी ओळख करून घेण्याचा इतका स्वस्त मार्ग मला तरी दुसरा ठाऊक नाही. बाहेर मंडळाने कॉफी ठेविली आहे. ती मात्र पूर्ण पेल्याची आहे.